बातमी वाचायला एक खोली द्या

प्रति,
अध्यक्ष आणि कार्यकारी मंडळ,
सार्वजनिक वाचनालय, नाशिक



मागणी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. आठवड्यातून एकदा, दुपारी चार ते साडेपाच, वाचनालयातली एक खोली आम्हा बायकांना हवी आहे. औरंगाबादकर सभागृह मागत नाही, सायखेडकर नाट्यगृह तर मुळीच नाही. वीस-पंचवीस खुर्च्या, एक लांब टेबल आणि चालू पंखा एवढं पुरे. तिथे बसून आम्ही बातम्या वाचणार. सुरुवातीला एकाच प्रकारच्या, माणसांना पकडून देशाबाहेर काढल्याच्या.

विषय विचित्र वाटेल. नाशिकच्या बायकांना अमेरिकेतल्या धरपकडीचं आणि बांगलादेशच्या सीमेचं काय, असं कुणीतरी बैठकीत विचारेलच. पण गेल्या काही महिन्यांत आमच्या सकाळच्या फिरण्याच्या गटात जेवढी रडारड, जेवढे अबोले आणि जेवढे गट सोडून जाणं झालं, ते याच विषयावरून. निवडणुकीवरूनसुद्धा इतकं झालं नव्हतं.

या बायका कोण, तेही सांगते. मोर्चाला न जाणाऱ्या. मतदान कधी न चुकवणाऱ्या, पण कुणाला दिलं ते नवऱ्यालाही न सांगणाऱ्या. कुणी बँकेतून निवृत्त झालेली, कुणी पाळणाघर चालवणारी, कुणी द्राक्षबागेचे हिशेब बघणारी. मी स्वतः शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवत होते. आमच्यातल्या बहुतेकींना टोकाचं बोलणं झेपत नाही. टीव्हीवर दोन्हीकडून आरडाओरडा सुरू झाला की आम्ही आवाज बंद करून भाजी निवडायला घेतो. त्याचा अर्थ आम्हाला काही वाटत नाही असा लोक लावतात. वाटतं हो. पण ते घेऊन जायला जागा नाही.

5 फेब्रुवारी 2025 ला अमेरिकेचं लष्करी विमान अमृतसरला उतरलं. आत 104 भारतीय होते. हरयाणाचे 33, गुजरातचे 33, पंजाबचे 30 आणि आपल्या महाराष्ट्राचे 3. हातात बेड्या, पायांत साखळ्या. त्यांना विमानात चढवतानाची चित्रफीत अमेरिकेच्या सीमा दलाच्या प्रमुखानेच झोकात प्रसिद्ध केली. दुसऱ्या दिवशी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर तो व्हिडिओ हातोहात फिरला. एक जण म्हणाली, "बेकायदा गेले होते ना, मग बरंच झालं." दुसरी म्हणाली, "अगं, पण साखळ्या?" तिसरी, जिचा मुलगा टेक्सासमध्ये आहे, काहीच बोलली नाही. तिने त्या दिवशी दोन फेऱ्या जास्त मारल्या.

तिचा मुलगा रीतसर व्हिसावर आहे. कंपनी मोठी, पगार मोठा, कर वेळेवर. त्याचा त्या विमानाशी काडीचा संबंध नव्हता, हे तिलाही कळत होतं. तरी महिनाभर ती रात्री त्याला "घरी पोचलास का" म्हणून मेसेज करत राहिली. तिला कुणीतरी शांतपणे बसवून सांगायला हवं होतं की 6 फेब्रुवारीला परराष्ट्रमंत्र्यांनी राज्यसभेत सविस्तर निवेदन केलंय. अशी पाठवणी 2009 पासून दरवर्षी होते, त्या साली 734 जण परत आले, 2019 साली 2,042 आले. विमानात बांधून आणण्याची पद्धत 2012 पासूनची आहे. म्हणजे साखळ्या तेरा वर्षांपूर्वीच्या, आपल्याला दिसल्या 2025 मध्ये. याने धीर येतो की संताप, ते ज्याचं त्याने ठरवावं. पण घशात अडकलेलं काहीतरी खाली उतरतं, हे मी पाहिलंय. पुढे डिसेंबरात राज्यसभेतच आकडा आला, की 2025 च्या जानेवारीपासून 3,258 भारतीय परत पाठवले गेले आणि त्यांतले 2,032 जण नेहमीच्या प्रवासी विमानांनी आले. हा आकडा आमच्या गटावर कुणी टाकला नाही. साखळ्यांचा व्हिडिओ मात्र आजही कधीमधी उगवतो, दर वेळी "आत्ताची बातमी" म्हणून.

मग सप्टेंबर. 20 तारखेचा शनिवार. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री, सोमवारी घटस्थापना. घराघरांत साफसफाई, परडीतली माती चाळणं सुरू, आणि सकाळीच बातमी आली की अमेरिकेतल्या नोकरीच्या एच-वन-बी व्हिसाला आता एक लाख डॉलर लागणार. आपल्या पैशांत अठ्ठ्याऐंशी लाखांच्या आसपास. अंमल रविवारपासून. सुट्टीवर आलेल्यांनी ताबडतोब परत या, असे मेल मोठ्या कंपन्यांनी कर्मचाऱ्यांना धाडले. सॅन फ्रान्सिस्कोला उभ्या विमानातून भारतीय प्रवासी खाली उतरले. आमच्या कॉलनीतल्या एका घरात पितरांच्या जेवणासाठी आलेली लेक जेवण टाकून मुंबई विमानतळाच्या वाटेला लागली. घाटात असताना तिने दुप्पट-तिप्पट दराने तिकीट काढलं. रविवारी आपण उठेपर्यंत खुलासा आला होता. हे शुल्क एकदाच लागणार, नव्या अर्जांना लागणार, ज्यांच्याकडे व्हिसा आहे त्यांनी घाबरायचं कारण नाही. तोवर ती लेक हवेत होती.

त्या आईला मी नंतर विचारलं, खुलासा वाचलास का? म्हणाली, "कुठला खुलासा?" तिला पोरीने फोनवर "झालं गं व्यवस्थित" एवढंच सांगितलं होतं. काय व्यवस्थित झालं, कसं झालं, पुन्हा होईल का, तिला काहीच ठाऊक नव्हतं. घट बसले, दसरा झाला, दिवाळी झाली, आणि तिच्या पोटातला गोळा तिथेच होता.

माझं मुख्य म्हणणं इथे आहे. आमच्यापर्यंत बातमीचा पहिला अर्धाच भाग येतो. तो ढोल वाजवत येतो, संगीतासकट. दुसरा अर्धा, म्हणजे खुलासा, निकाल, सुटका, चूक दुरुस्त झाली की नाही, तो आतल्या पानावर चार ओळींत येतो आणि त्या दिवशी घरात कुणाचं तरी पथ्यपाण्याचं चाललेलं असतं. राग, भीती, "मला नको सांगू" हे सगळं त्या पहिल्या अर्ध्यावर बेतलेलं असतं. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेत हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या तिथल्या वास्तव्याच्या नोंदी एकाएकी रद्द झाल्या, हे माझ्या ओळखीच्या प्रत्येक आईला माहीत आहे. कोर्टात दावे पडल्यावर त्याच महिन्याच्या अखेरीस नोंदी पूर्ववत करायला सुरुवात झाली, हे ज्यांना माहीत आहे त्या मी एका हाताच्या बोटांवर मोजीन.

आता तुम्ही म्हणाल, हे झालं परदेशात पोरं असलेल्या घरांचं. बाकीच्यांचं काय?

माझ्या साड्यांना फॉल-पिको करणारी बाई जुन्या नाशिकात राहते. माहेर मालेगावकडचं, कसमादे पट्ट्यातलं. एके दिवशी साडीबरोबर तिने एक घडी घातलेला कागद पुढे केला. "टीचर, हे जरा वाचून द्या, मराठी आहे पण कळत नाही." नोटीस होती. भावाच्या नावाने, जन्मदाखल्याबद्दल. "आपणांस या नोटिशीद्वारे कळविण्यात येते की" पासून सुरू होऊन "याची गांभीर्याने नोंद घ्यावी" पर्यंत एकच वाक्य. मूळ कागदपत्रं घेऊन हजर राहा, असा त्याचा अर्थ. मूळ कागद कुठून आणणार? जन्म घरीच झालेला, सुईण वारलेली, नोंद त्या वेळी कुणी केली नाही. शाळेत मास्तरांनी अंदाजे तारीख लिहिली, तीच आयुष्यभर चालली.

मालेगावच्या जन्मदाखल्यांचं प्रकरण तुम्ही वाचलंच असेल. बांगलादेशी आणि रोहिंग्यांना उशिराचे दाखले वाटले, असा आरोप झाला. जानेवारी 2025 मध्ये सरकारने एसआयटी नेमली, अधिकारी निलंबित झाले. आरोप गंभीर आहे, चौकशी व्हायलाच हवी, यात मला शंका नाही. पण आमच्या गटात दुसरा अर्धा भाग कुणालाच माहीत नव्हता. वर्ष उलटून गेलेल्या जन्माची नोंद करण्याचा अधिकार पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्याकडे होता. 2023 च्या कायदेदुरुस्तीने तो महसूल खात्याकडे आला, त्यामुळे तहसील कचेऱ्यांत अर्जांची रीघ लागली. त्याच दुरुस्तीने नव्या जन्मांसाठी जन्मदाखला हाच शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंतचा आधार ठरला, मग साहजिकच सगळ्यांनाच दाखल्याची निकड वाटू लागली. मालेगावात यंत्रमागावर बसणारी कितीतरी घराणी 1857 नंतर उत्तरेतून आलेल्या विणकरांची. त्यांच्यात खोटा दाखला काढणारा कुणी असेलही. सुईणीच्या हातून जन्मलेले मात्र ढिगाने असणार. ते तसे आपल्याही घरांत आहेत.

हे मी गटात बोलले आणि एकदम गारठा पडला. एक जण म्हणाली, "म्हणजे घुसखोरी चालू द्यायची का?" प्रश्न रास्त आहे. त्या बाईला मी कट्टर म्हणणार नाही, कारण ती तशी नाही. कोण राहील आणि कोण नाही हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक देशाला असतो, तो अमेरिकेला आहे तसा आपल्यालाही. पण तिच्याच पुतण्याला उद्या न्यू जर्सीत रस्त्यात अडवून "कागद दाखव" म्हटलं, तर तिला काय हवं असेल? त्याचं ऐकून घ्यावं, वकील मिळावा, वकिलातीला कळवावं, घरी एक फोन करू द्यावा. एवढंच ना? मीरा रोडवर पकडलेल्या मुर्शिदाबादच्या एका गवंड्याला जून 2025 मध्ये रात्रीच्या अंधारात सीमेपलीकडे ढकललं, तेव्हा यातलं काय मिळालं होतं? त्याच्या घरच्यांनी कागद दाखवले होते. पश्चिम बंगाल सरकारने खटपट केली तेव्हा एक-दोन दिवसांत तो आणि त्याच्यासारखे आणखी काही परत आले. भारतीय निघाले.

त्याच महिन्यात दिल्लीतून उचललेली बीरभूमची एक गरोदर बाई आठ वर्षांच्या मुलासह पलीकडे पाठवली गेली. सप्टेंबरात कोलकाता उच्च न्यायालयाने तिला परत आणा म्हणून सांगितलं. प्रत्यक्षात ती आली डिसेंबरात, सर्वोच्च न्यायालयात केंद्राने माणुसकीच्या नात्याने तयारी दाखवल्यावर. दिवस भरत आले होते. मी ही बातमी गटात मोठ्याने वाचली, तेव्हा मघाचा प्रश्न विचारणारीच म्हणाली, "गरोदर बाईला असं कसं ढकललं गं?" बाकी ती काही बोलली नाही. मीही ताणलं नाही. तिच्या मनात काय हललं ते तिचं तिला माहीत. तुमच्या खोलीत मला एवढंच व्हायला हवंय.

"राजकारण नको" हा तुमचा पहिला आक्षेप असेल, याची मला खात्री आहे. वाचनालय 1840 सालचं. इतकी वर्षं टिकायचं तर जपून राहावं लागतं, मान्य. पण आपल्या गावाला हा विषय नवा आहे असं निदान नाशिककरांनी तरी म्हणू नये. डिसेंबर 1909 मध्ये विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या, त्यातून नाशिक कटाचा खटला उभा राहिला आणि सावरकरांना लंडनहून बोटीने आणायला निघाले. 8 जुलै 1910 ला मार्सेलिसला त्यांनी समुद्रात उडी घेतली, हे शाळेतलं पोरही सांगतं. मी इतकी वर्षं शिकवलं, उडीपाशी सगळा वर्ग ताठ बसायचा आणि त्यापुढे कुणाला रस नसायचा. पुढचा भागच आजच्या कामाचा आहे. किनाऱ्यावर पोचलेल्या माणसाला फ्रेंच शिपायाने पकडून सरळ बोटीवरच्या पहाऱ्याच्या हवाली केलं. सुनावणी नाही, कागद नाही. ते रीतीला धरून होतं का, यावर फ्रान्स आणि इंग्लंड हेगच्या लवादापुढे गेले. फेब्रुवारी 1911 मध्ये निकाल लागला. हवाली करताना अनियमितता झाली, पण परत देण्याचं बंधन इंग्लंडवर नाही. त्या निकालावर हळहळणाऱ्या गावात "आधी नीट विचारलं का, मग हवाली केलं का" एवढं विचारणं हे राजकारण कसं होईल? सावरकरांवर प्रेम करणाऱ्या आणि न करणाऱ्या, दोघींनाही हा प्रश्न एकाच टेबलावर घेता येतो. मी घेऊन पाहिलाय.

आणि कागदांचं म्हणाल, तर आम्हा बायकांइतकं ते कुणाला कळणार? लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं, त्या दिवसापासून आमचे कागद दोन बाजूंना गेले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर माहेरचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. रेशनकार्डावर सगळंच वेगळं. आमच्या पिढीत पहिलं नावसुद्धा बदलायचे. माझ्या थोरल्या जावेची बँकेत, पोस्टात आणि सातबाऱ्यावर तीन नावं आहेत. त्या तिन्ही बायका एकच आहेत हे सिद्ध करता करता ती सत्तरीला आली. परवा लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीला नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार क्रमांक मागितला, तेव्हा विधवा बायकांची काय दैना झाली ते सेतू केंद्राच्या रांगेत उभं राहिलेल्यांनी पाहिलंय. आसाममध्ये नागरिक नोंदणीच्या (एनआरसी) वेळी हाच तिढा लाखो बायकांचा झाला होता. लहान वयात लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या बाईकडे बापाशी नातं दाखवणारा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा दाखला. तो 2017 च्या फेब्रुवारीत तिथल्या उच्च न्यायालयाने बाद ठरवला आणि डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीच्या अटीवर पुन्हा मान्य केला. 31 ऑगस्ट 2019 ला अंतिम यादी लागली, त्यात 19,06,657 माणसं बाहेर राहिली.

ऑगस्ट 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जावर सांगितलं की नुसतं आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र असलं म्हणजे माणूस नागरिक ठरत नाही. मी ते वाचल्यावर गटातल्या बायका हबकल्या. "मग आपला पुरावा काय?" त्यावर अर्धा तास बोलणं झालं आणि तेवढा चांगला नागरिकशास्त्राचा तास मला शाळेत कधी जमला नव्हता. 26 जानेवारी 1950 पासून 1 जुलै 1987 च्या आधीपर्यंत जो भारतात जन्मला तो जन्मानेच नागरिक, आईबाप कुणीही असोत. त्यानंतर 3 डिसेंबर 2004 पर्यंत जन्मलेल्याच्या आईबापांपैकी एक तरी भारतीय असायला हवं. त्याही नंतर जन्मलेल्याच्या बाबतीत एक भारतीय आणि दुसरं बेकायदा आलेलं नसावं. पण इथे जन्मलो हे दाखवायचं कशाने? तेव्हा एक जण म्हणाली, "कोतवाल बुकाने!" कुणबी नोंदी शोधायला ती नवऱ्याबरोबर तहसीलला खेटे घालत होती, मोडी वाचणारा शोधत होती, पणजोबाचं नाव सापडल्यावर पेढे वाटले होते. गाव नमुना चौदा (गावच्या जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही, तेच कोतवाल बुक) हा शब्द तिच्या तोंडी मी पहिल्यांदा ऐकला. आणि मग तीच हळूच म्हणाली, "त्या फॉल-पिकोवालीच्या भावाचं पण असेल का गं कुठे?"

त्या फॉल-पिकोवालीला मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे धाडलं. बाईला तिथे मोफत वकील मिळतो, मिळकत कितीही असो. हे 1987 च्या कायद्यात आहे, पण माझ्या गटातल्या शिकल्यासवरल्या बायकांना ठाऊक नव्हतं. भाऊ पुरुष, त्याला वेगळे निकष. पण निदान कुठे विचारायचं ते कळलं. विधी सेवेचा 15100 हा क्रमांक आता आमच्या सगळ्यांच्या फोनमध्ये आहे. तसंच मुलं परदेशात असलेल्यांसाठी परराष्ट्र खात्याचं 'मदद' पोर्टल आहे. अमेरिकेत कुणाला ताब्यात घेतलं तर तिथल्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर नाव आणि जन्मदेश टाकून शोधता येतं. परदेशी माणसाला अटक झाली की त्याने म्हटल्यास त्याच्या वकिलातीला कळवावं लागतं, हा 1963 च्या व्हिएन्ना कराराचा नियम आहे. टेक्सासवाल्या मैत्रिणीने हे सगळं एका वहीत लिहून घेतलं. मुलाच्या पासपोर्टचा क्रमांक, ह्यूस्टनच्या आपल्या वकिलातीचा फोन, एका शेजाऱ्याचा फोन. वही देव्हाऱ्याच्या खणात ठेवलीय. आता रात्री मेसेज करत नाही, किंवा करत असेल तर आम्हाला सांगत नाही.

ज्यांना एवढ्यानेही झोप येत नाही, अशा आहेत. एकीची लेक डिसेंबर 2025 मध्ये भावाच्या लग्नाला आली आणि व्हिसाच्या शिक्क्याची मुंबईतली तारीख अचानक काही महिने पुढे गेली, कारण अर्जदारांची समाजमाध्यमं तपासण्याचा नवा नियम लागला. सहा वर्षांचा नातू तिकडे जन्मलेला, अमेरिकन नागरिक. त्याला आज जाता येतं, आईला येत नाही. मेतकूट, गोडा मसाला भरलेली बॅग हॉलमध्ये तशीच, आणि पोरगा आजोबांना विचारतो, माझी टीचर माझी जागा दुसऱ्याला देईल का? अशा घरी नुसती माहिती पुरत नाही. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मी त्या आजीला दिला. तिने फोन केला की नाही, विचारलं नाही.

या शहराने माणसं रातोरात जाताना पाहिलेली आहेत. फेब्रुवारी 2008 मध्ये परप्रांतीयांविरुद्धच्या आंदोलनामुळे गाव सोडणाऱ्या उत्तर भारतीय कामगारांनी नाशिकरोड स्टेशन भरून गेलं होतं, अंबड-सातपूरच्या शेडमध्ये यंत्रं बंद पडली होती. त्या वेळच्या दगडफेकीत जो जिवानिशी गेला तो एचएएलमधला मराठी माणूस होता. तेव्हा आम्ही दारं लावून घरात बसलो. 2020 च्या मे महिन्यात हेच लोक मुंबई-आग्रा रस्त्याने चालत निघाले आणि 1 मे ला महाराष्ट्रातली पहिली श्रमिक गाडी नाशिकरोडहूनच भोपाळला सुटली. तेव्हा याच बायका विल्होळीला पोळ्यांचे डबे घेऊन उभ्या होत्या. कुणी कुणाचे कागद विचारले नाहीत. मधल्या बारा वर्षांत आम्ही काही थोर झालो नव्हतो. 2020 साली काय करायचं ते कळत होतं, एवढाच फरक. भुकेल्याला पोळी द्यायची. जन्मदाखल्याच्या नोटिशीला काय द्यायचं, ते कळत नाही म्हणून बायका गप्प आहेत.

खोली दिलीत तर कसं चालेल तेही लिहिते, नाहीतर तुम्हाला भाषणांची मालिका वाटायची. वक्ता नाही. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, आभारप्रदर्शन नाही. आमदार-नगरसेवकांना बोलावणं नाही, आले तर मागे बसतील. मोबाईलवर आलेलं काहीही चालणार नाही, छापील वर्तमानपत्र, कोर्टाचा निकाल किंवा सरकारी निवेदनच वाचायचं. बातमी पुरी वाचायची, तारखेसकट. पोलीस म्हणतात आणि कोर्ट म्हणतं, यातला फरक लाल शाईने खुणावायचा. मागच्या आठवड्यात वाचलेल्या बातमीचं पुढे काय झालं, ते आधी सांगायचं आणि मगच नवी उघडायची. महिन्यातून एकदा एखादी वकील बाई किंवा महसुलातून निवृत्त झालेला अव्वल कारकून बोलावू. त्यांनीही भाषण करायचं नाही, विचारलेल्याचं उत्तर द्यायचं. आणि जी बाई येऊन दीड तास नुसती बसेल तिला कुणी "तुझं मत काय" म्हणून टोकायचं नाही.

फॉल-पिकोवालीला मी येतेस का म्हणून विचारलंय. ती म्हणाली, "वाचनालयात? मला आत सोडतील का?" सभासद नसलेल्या बाईला त्या दीड तासापुरतं येता येईल का, हे कृपा करून तुमच्या उत्तरात स्पष्ट लिहावं. तिच्या वर्गणीचा प्रश्न असेल तर ती आम्ही भरू. चहाचंही आम्हीच बघू, कप आमचे आम्ही विसळू.

दिवस कुठलाही चालेल, गुरुवार सोडून. गुरुवारी निम्म्या जणींचा उपास असतो आणि त्या लवकर चिडतात.

आपली,
एक जुनी सभासद, गंगापूर रोड, नाशिक